निस्सय आणि निस्सयमुक्ती : विनयपिटकातील शिष्याचे स्वातंत्र्य

शिष्याच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन कथा हटकून सांगितल्या जातात. एक एकलव्याच्या अंगठ्याची आणि दुसरी केसपुत्त निगमातील कालामांची. पहिली सांगून ब्राह्मणी गुरुपरंपरेचा निषेध करावयाचा आणि दुसरी सांगून बौद्ध परंपरेचा गौरव करावयाचा, ही वाटणी आता इतकी रूढ झाली आहे की, वक्ता कालामांपर्यंत येऊन पोहोचला म्हणजे श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात.

कालामसुत्ताचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुढे केले जाते, त्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे, एवढेच आमचे म्हणणे आहे. कालाम हे गृहस्थ होते. नाना मतांचे श्रमण-ब्राह्मण त्यांच्या गावी येत, आपले मत उंचावीत, दुसऱ्याचे तुडवीत आणि निघून जात. त्या गोंधळलेल्या लोकांना तथागतांनी कोणाच्याही शब्दावर विसंबून न राहता स्वतः पारख करण्यास सांगितले. परंतु कालाम कोणाचे शिष्य नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांना कोणापुढे पाठ म्हणावयाचा नव्हता. जो रोज आचार्यासमोर बसतो, ज्याला अजून काहीच येत नाही आणि ज्याची भाकरीही आचार्याच्या आधाराने चालते, त्या शिष्याने स्वतंत्र कसे व्हावे? हा प्रश्न सुत्तपिटकापेक्षा विनयपिटकात अधिक तपशिलाने हाताळला गेला आहे, आणि आमच्या लिहिण्यावाचण्यात विनयपिटक फार कमी येते. धर्मानंद कोसंबी यांनी 'बौद्धसंघाचा परिचय' लिहून विनयातील नियम मराठी वाचकांपुढे ठेवले, त्यास कित्येक दशके लोटली. पण नियमांचे पुस्तक म्हणजे रुक्ष, असा एक समज होऊन बसला आहे.

हा प्रश्न आम्हांस केवळ ग्रंथातून सुचलेला नाही. विहारातील रविवारच्या धम्मवर्गात मुले हात जोडून, एका सुरात त्रिसरण-पंचशील म्हणतात. एखादे मूल मध्येच 'वेरमणी म्हणजे काय' असे विचारते, तेव्हा 'आधी पाठ कर, मग सांगू' असे उत्तर त्याला मिळते. हे उत्तर आम्ही स्वतः अनेकदा दिले आहे. ते देताना आपण कोणत्या परंपरेत बोलत आहोत, हे तपासावे असे पुढे वाटू लागले, आणि त्या निमित्ताने महावग्गाचा पहिला भाग, म्हणजे महाखन्धक, पुन्हा वाचावयास घेतला.

उपाध्याय ही संस्था संघात प्रथमपासून नव्हती. महाखन्धकात तिच्या उगमाची जी हकिगत येते ती मोठी साधी आहे. उपाध्याय नसलेले, कोणी शिकवलेले नाही असे भिक्खू नीट चीवर न पांघरता भिक्षेस जात, लोक जेवीत असता त्यांच्या पानावर पात्र पुढे करीत, भोजनशाळेत गोंगाट करीत. लोकांनी नावे ठेवली. तेव्हा तथागतांनी उपाध्याय करण्याची अनुज्ञा दिली. म्हणजे गुरू हा येथे मोक्षाचा दरवाजा म्हणून आलेला नाही; जेवताना कसे वागावे हे न कळणाऱ्या नवख्यांना कोणीतरी सांगणारे हवे, म्हणून तो आला. शिवाय उपाध्याय निवडावयाचा तो शिष्याने. 'आपण माझे उपाध्याय व्हा' अशी विनंती त्याने तीन वेळा करावयाची आणि उपाध्यायाने ती शब्दाने वा खुणेने मान्य करावयाची. उपाध्यायाने शिष्यास पुत्रासमान मानावे, शिष्याने उपाध्यायास पित्यासमान.

यानंतर शिष्याच्या कर्तव्यांची लांबलचक यादी येते, आणि आजच्या वाचकाचे मन येथे थोडे खट्टू होते हे कबूल केले पाहिजे. पहाटे उठून उपाध्यायास दन्तकाष्ठ द्यावे, तोंड धुण्यास पाणी द्यावे, आसन मांडावे, यवागू असल्यास भांडे धुऊन ती पुढे ठेवावी, बसण्याची जागा झाडावी, भिक्षेस जाताना फार दुरून नाही व फार जवळूनही नाही अशा अंतराने मागून चालावे, स्नानाची तयारी करावी, खोलीतील कोळिष्टके काढावीत. उपाध्यायास न विचारता गावात जाऊ नये, परमुलुखी जाऊ नये, कोणाचे पात्र-चीवर घेऊ वा देऊ नये. एवढे वाचून कोणी म्हणेल, मग गुरुगृही लाकडे फोडणाऱ्या बटूत आणि या भिक्खूत अंतर काय?

अंतर याच यादीत आहे, आणि ते शोधण्यास यादी शेवटपर्यंत वाचावी लागते. उपाध्याय बोलत असता मध्येच बोलू नये, असा नियम आहे. पण त्याला लागूनच दुसरा नियम येतो : उपाध्यायाचे बोलणे दोषाच्या काठावर आले, तर त्यास आवरावे. पुढे आणखी आहे. उपाध्यायाच्या मनात धम्मजीवनाविषयी अरुची उत्पन्न झाली, तर शिष्याने ती दूर करावी किंवा दुसऱ्याकडून करवावी. त्यास शंकेने घेरले तर शंका फेडावी. त्याच्या ठायी चुकीची दृष्टी उत्पन्न झाली तर तीतून त्यास सोडवावे, किंवा त्याच्याशी धम्मचर्चा करावी. उपाध्यायाकडून गंभीर दोष घडला असेल, तर संघाने त्यास परिवासाचे प्रायश्चित्त द्यावे म्हणून शिष्याने खटपट करावी. आणि संघ त्याच्यावर कठोर कारवाई करण्याच्या विचारात असेल, तर ती सौम्य व्हावी म्हणूनही खटपट करावी.

येथे एक बाब बारकाईने पाहण्याजोगी आहे. शिक्षकाची चूक दाखविणे हा येथे शिष्याचा हक्क म्हणून सांगितलेला नाही. ते त्याचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. दन्तकाष्ठ देणे आणि चुकीची दृष्टी दूर करणे ही दोन्ही कामे एकाच यादीत, एकाच सुरात येतात. हक्क माणूस वापरतो किंवा वापरीत नाही. भिडेपोटी तो बहुधा वापरीत नाहीच. कर्तव्य टाळले तर दोष लागतो. ज्याच्यापुढे सकाळी पाण्याचा तांब्या ठेवला, त्यालाच संध्याकाळी 'हे आपले म्हणणे बरोबर नाही' असे सांगणे किती अवघड असते, याची जाणीव नियम करणाऱ्यास असली पाहिजे, असे आम्हांस वाटते. म्हणूनच ते शिष्याच्या धैर्यावर सोडून दिलेले नाही.

उपाध्यायाची कर्तव्ये याच यादीचे प्रतिबिंब आहेत. शिष्यास पाठ द्यावा, त्याच्या प्रश्नांना वाव द्यावा, उपदेश करावा, अनुशासन करावे. पाली शब्द उद्देस, परिपुच्छा, ओवाद आणि अनुसासनी असे आहेत. यांपैकी परिपुच्छा म्हणजे विचारणे, आणि ते पाठाच्या लगेच पाठोपाठ येते. पाठ करून संपल्यावर कधीतरी, असा त्याचा क्रम नाही. शिष्यापाशी पात्र वा चीवर नसेल तर उपाध्यायाने द्यावे. शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने पहाटे उठून त्यास दन्तकाष्ठ द्यावे, तोंड धुण्यास पाणी द्यावे, आसन मांडावे, यवागू द्यावी. तीच कामे, तेच शब्द, फक्त माणसे उलटलेली.

शिष्याला हाकलून देण्याचा अधिकार उपाध्यायास होता. त्याची पाच कारणे दिली आहेत आणि त्यांत पहिले कारण, उपाध्यायाविषयी प्रेम नसणे, हे आहे. त्यानंतर श्रद्धा, लज्जा, आदर आणि भावना यांचा अभाव येतो. परंतु नीट वागणाऱ्यास हाकलले तर दोष उपाध्यायावर. हाकललेल्या शिष्याने क्षमा मागावी, हे ओघानेच आले. पुढील हकिगत मात्र अधिक बोलकी आहे. शिष्य क्षमा मागत, उपाध्याय क्षमा करीत नसत. मग ते शिष्य निघून जात, चीवर टाकीत, काही तर अन्य पंथांत जात. हे कळल्यावर तथागतांनी नियम केला की, क्षमा मागितली असता उपाध्यायाने क्षमा केलीच पाहिजे. शाळा सोडून जाणाऱ्या मुलाचा दोष मुलाच्या माथी मारण्याची रीत जगात सर्वत्र आहे. येथे तो उलट बाजूस टाकलेला दिसतो.

आता आमच्या विवेचनाच्या मुख्य भागाकडे येऊ. उपाध्यायाच्या किंवा आचार्याच्या आश्रयाने राहण्यास विनयात 'निस्सय' म्हणतात. हा निस्सय प्रथम दहा वर्षांचा होता. पुढे तथागत राजगृहाहून दक्खिणागिरीस निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत फार थोडे भिक्खू गेले. परत आल्यावर त्यांनी आनंदास कारण विचारले. कारण असे निघाले की, तरुण भिक्खूंचे आचार्य-उपाध्याय येणार नव्हते. तेव्हा तेथे जाऊन नव्याने निस्सय घ्यावयाचा, थोडे दिवस राहून परत यावयाचे, पुन्हा निस्सय घ्यावयाचा, यात आपला उथळपणा दिसेल, म्हणून ते मागे राहिले. नियमाने माणसे बांधली गेली आणि नियम बदलला. समर्थ व जाणत्या भिक्खूस पाच वर्षे निस्सय पुरे, अजाणत्यास मात्र तो आजन्म.

म्हणजे आश्रयाला मुदत आहे, पण मुदत केवळ वर्षांनी मोजलेली नाही. कोणता दोष, कोणता दोष नव्हे, हलका कोणता, भारी कोणता हे ज्याला कळते, पातिमोक्ख ज्याला तपशिलासह येते, तो पाच वर्षांनी मोकळा. ज्याला ते कळत नाही, त्याचे केस पिकले तरी तो शिष्यच. आजच्या शाळेत वय वाढले की वर्ग वाढतो आणि स्वातंत्र्य मात्र कोणत्याच वर्गात मिळत नाही. येथे शिक्षणाचे ध्येयच आचार्यावाचून राहता येणे हे आहे, आणि ते प्रथम दिवसापासून उभयतांस ठाऊक आहे. प्रवासात असलेल्या, आजारी वा रुग्णसेवेत गुंतलेल्या भिक्खूस निस्सय मिळत नसेल, तर त्यावाचून राहण्याची मुभाही आहे. उलट निर्लज्ज भिक्खूचा निस्सय घेऊ नये असा नियम झाल्यावर, 'कोण कसा आहे हे आम्हांस कसे कळावे' असा प्रश्न भिक्खूंना पडला. तेव्हा चार-पाच दिवस थांबून त्याचे वागणे पाहावे, अशी अनुज्ञा मिळाली. आचार्याने शिष्याची परीक्षा घ्यावी हे सर्वत्र आढळते. शिष्याने आचार्याची परीक्षा घेण्यास नियमाने दिवस नेमून दिल्याचे उदाहरण आम्हांस तरी विरळ वाटते.

शिकविणाऱ्यावरही अट होती. उपसेन वंगन्तपुत्ताने स्वतःचा एक वर्षावास झाला असता एकास उपसंपदा दिली आणि पुढल्या वर्षी त्या शिष्यास घेऊन तो तथागतांच्या भेटीस आला. तुला किती वर्षे झाली, दोन; यास किती, एक. अजून दुसऱ्यांनी शिकवावे अशा स्थितीत तू दुसऱ्यास शिकवावयास निघालास, म्हणून त्यास फटकारले गेले आणि दहा वर्षांची अट आली. पण तेवढ्याने भागले नाही. दहा वर्षे झालेले अजाण भिक्खू शिष्य करू लागले आणि उपाध्याय मूर्ख, शिष्य पंडित असे दृश्य दिसू लागले, हे ग्रंथ स्वच्छ शब्दांत सांगतो. मग दहा वर्षे अधिक सामर्थ्य अशी दुहेरी अट झाली. ज्येष्ठता आणि योग्यता यांची गल्लत संघातही झाली होती आणि ती लपवून ठेवावी असे संहिताकारांना वाटले नाही.

हे सारे कागदावरच राहिले काय? चिनी यात्रेकरू इत्सिंग इसवी सन ६७३ मध्ये ताम्रलिप्तीस उतरला आणि नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. त्याचे वृत्त ताकाकुसू यांनी १८९६ मध्ये इंग्रजीत आणले. त्यात तो लिहितो की, शिष्य रात्रीच्या पहिल्या व शेवटच्या प्रहरी आचार्याकडे जातो; आचार्य त्यास स्वस्थ बसावयास सांगतो, प्रसंगास व शिष्यास अनुरूप असा पाठ निवडून देतो आणि कोणतीही गोष्ट उलगडल्यावाचून ठेवीत नाही. शिष्य त्याचे अंग रगडतो, वस्त्रे घडी करतो, पाण्यात जीवजंतू आहेत का पाहतो. शिष्य आजारी पडला तर आचार्य स्वतः त्याची शुश्रूषा करतो. विनय आत्मसात झाल्यावर पाच वर्षावासांनी शिष्यास उपाध्यायापासून वेगळे राहता येते. जाईल तेथे कोणाचा तरी आश्रय मात्र घ्यावा लागतो आणि दहा वर्षावासांनंतर तोही संपतो. महावग्गाहून तपशील थोडा वेगळा आहे, कारण इत्सिंगचा संप्रदाय मूलसर्वास्तिवादी विनयाचा होता. पण सांगाडा तोच.

त्याच्या आधी काही दशके आलेल्या युआन च्वांगने आपले गुरू शीलभद्र यांची एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. दक्षिणेकडील एक पंडित धर्मपालांना वादाचे आव्हान देण्यास आला असता, तीस वर्षांच्या शीलभद्रांनी आपण जातो म्हणून पुढे होऊन सांगितले. इतरांना ते वय कोवळे वाटले. धर्मपालांनी मात्र शिष्याची बाजू घेतली आणि शीलभद्र वाद जिंकून आले.

एवढे गुणवर्णन केल्यावर उणे सांगावयास हवे. हे स्वातंत्र्य सर्वांस मिळाले नाही. दास, ऋणको व राजाचे सैनिक यांना प्रव्रज्या देऊ नये, असे नियम याच महाखन्धकात आहेत. धन्याचा, सावकाराचा व राजाचा रोष संघावर येऊ नये हे त्यामागील कारण स्पष्ट दिसते. उपाली न्हावी आणि सुनीत झाडूवाला यांची नावे आपण अभिमानाने घेतो, ती घेताना या नियमाकडे डोळेझाक करू नये. भिक्खुणींच्या बाबतीत तर उणेपण अधिक ठळक आहे. शिष्येस दोन वर्षे सांभाळले नाही तर शिकविणारीस पाचित्तिय दोष लागतो आणि शिष्येने दोन वर्षे तिची सोबत केली नाही तर शिष्येस. इथवर परस्परता आहे. परंतु कोणत्याही भिक्खुणीने कोणत्याही भिक्खूस उपदेशाचा शब्द बोलू नये, हा गरुधम्म तिच्यावर लादलेला आहे. आचार्याची चुकीची दृष्टी दूर करणे हे ज्या परंपरेने पुरुषशिष्याचे कर्तव्य ठरविले, तिनेच अर्ध्या संघाचे तोंड बंद केले. तरीही रायगड जिल्ह्यातील कुडा येथील एका लेण्यातील लेखात एक प्रव्रजिता आपल्या अंतेवासिनींसह दान देताना दिसते. पश्चिम महाराष्ट्राच्या लेण्यांत शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि त्यांनी आपले नाते दगडावर कोरून ठेवण्याइतके मोलाचे मानले, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

पाच वर्षांत स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास शिष्यास शिकवावयाचे ते काय? याचा सर्वांत स्पष्ट धडा एका लहान मुलाला दिलेला आहे. मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक राहुलोवादसुत्तात तथागत राहुलास आरशाचा उपयोग विचारतात. पाहण्यासाठी, असे तो म्हणतो. तसेच पाहून पाहून कर्म करावे : करण्यापूर्वी, करीत असता आणि केल्यावर, यात माझे वा दुसऱ्याचे वा दोघांचे अहित आहे काय, हे प्रत्येक वेळी स्वतःस विचारावे. परंपरा राहुलाचे वय त्या वेळी सात वर्षांचे सांगते. सात वर्षांच्या मुलास 'हे कर, ते करू नको' अशी यादी देणे सोपे होते. त्याच्या हाती आरसा दिला गेला. चूक झालीच तर ती शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे उघड करावी, हेही त्यास सांगितले आहे. म्हणजे स्वतः पारखणे आणि दुसऱ्यास विचारणे यांत विरोध मानलेला नाही. या सुत्ताचे महत्त्व अशोकानेही ओळखले होते. बैराट येथील शिलालेखात भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिका यांनी वारंवार ऐकावी म्हणून त्याने जी प्रवचने नावाने सांगितली, त्यांत असत्यभाषणाविषयी राहुलास केलेला उपदेश आहे.

विद्यार्थ्याने स्वतः विचार करावा, हे आधुनिक शिक्षणतत्त्व बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्याकडून घेतले, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते तेथे होते आणि १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी ड्यूईंचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. परंतु १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून १९४६ मध्ये मुंबईत त्यांनी पहिले महाविद्यालय काढले, तेव्हा त्यास नाव दिले सिद्धार्थ. त्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरे, आणि बाबासाहेब स्वतः तिच्यापुढे बोलले. ड्यूई आणि धम्म यांत त्यांना एक काही निवडावे लागले नाही, असा आमचा निष्कर्ष आहे.

१९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे त्यांनी जे महाविद्यालय सुरू केले, त्याच्या नावामागील ग्रंथात आमच्या विषयाची फार चांगली कथा आहे. मिलिन्दपञ्हात तरुण नागसेनाच्या मनात उपाध्याय रोहणांविषयी अनादराचा विचार येतो : बाकीचे बुद्धवचन सोडून हे मला आधी अभिधम्म शिकवितात, हे काही शहाणपणाचे नव्हे. रोहणांना तो विचार कळतो. नागसेन क्षमा मागतो. रोहण म्हणतात, एवढ्याने क्षमा होणार नाही. सागल नगरीचा राजा मिलिंद अवघड प्रश्न विचारून भिक्खूंना हैराण करतो, त्याचे समाधान कर, मग क्षमा. उपाध्यायावर शंका घेतल्याबद्दल शिष्यास मिळालेली शिक्षा ही, की त्याने जगातील सर्वांत शंकेखोर माणसापुढे एकट्याने जाऊन बसावे. त्यापूर्वी रोहण त्याला अस्सगुत्त थेरांकडे धाडतात. तेथे एका वृद्ध उपासिकेस धम्म सांगण्याचे काम थेर स्वतः न करता त्या नवख्यास सांगतात. तो बोलतो, आणि बोलता बोलता ऐकणारी व सांगणारा दोघांनाही धम्मदृष्टी लाभते. अस्सगुत्त दूर विहारात बसून त्यास साधुवाद देतात.

पुढे राजाची व भिक्खूची गाठ पडते, तेव्हा नागसेन वादाला बसण्यापूर्वी एक अट घालतो. पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नव्हे. पंडितांच्या वादात एकमेकांचे म्हणणे खोडले जाते आणि कोणी रागावत नाही, राजांच्या वादात जो खोडतो त्याला दंड होतो. मिलिंद ती अट मान्य करतो आणि मग प्रश्नांना प्रारंभ होतो. बाबासाहेबांच्या त्या महाविद्यालयाला नाव आहे ते प्रश्न विचारणाऱ्या मिलिंदाचे. उत्तर देणाऱ्या नागसेनाचे नाव भोवतालच्या जमिनीला मिळाले, ते नागसेनवन.